वेबपानावरची टूलटिप (बटणाजवळ उघडणारी छोटी माहितीची चौकट) भलतीकडे उघडते? आधी हे बघ

जावास्क्रिप्टमध्ये ऑफसेटटॉप (वरून अंतर सांगणारा आकडा) वापरून बटणाची जागा काढतोयस, तिथेच गोची आहे. तो पानाच्या माथ्यापासून मोजत नाही, ऑफसेटपेरेंटपासून, म्हणजे सहसा बटणाला वेढणाऱ्या सर्वात जवळच्या पोझिशन लावलेल्या चौकटीपासून मोजतो. बाहेरच्या डिव्हला (पानातल्या चौकटीला) कुणी सीएसएसमध्ये पोझिशन रिलेटिव्ह लावलं, की तिथून शून्य सुरू. माझा अख्खा दिवस यात गेलाय: आकडा येत होता १२ आणि बटण होतं स्क्रीनच्या मधोमध.

त्यापेक्षा गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट हा जावास्क्रिप्टचा कॉल वापर. तो ब्राउझरच्या दिसणाऱ्या भागाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून अंतर देतो, अपूर्णांकासकट आणि ट्रान्सफॉर्म (सीएसएसने सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं) धरून. म्हणून स्क्रोल केलं की आकडा बदलणारच; बटण वर निघून गेलं तर उणेही येईल, घाबरू नकोस. पानाच्या माथ्यापासूनचं अंतर हवं असेल तर त्यात विंडोचा स्क्रोलवाय (पान किती खाली स्क्रोल झालंय तो आकडा) मिळव. त्याने दिलेला टॉप (वरून अंतर) -४० आणि स्क्रोलवाय ६०० असेल, तर बटण पानाच्या माथ्यापासून ५६० पिक्सेलवर आहे. टूलटिप पोझिशन फिक्स्ड (स्क्रोल केलं तरी जागेवरच राहणारी) असेल तर मात्र मिळवायचं नाही.

आणि मोजतोस कधी, तेही तपास. चित्रं लोड व्हायच्या आधी मोजलंस, तर नंतर सगळं खाली ढकललं जातं. चित्रांना रुंदी-उंची आधीच देऊन ठेव.