थकवा कुठला, ते आधी विचार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सरावाचं रेकॉर्डिंग काल रात्री दोनदा ऐकलं. ओईटीच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेच्या, बोलण्याच्या भागात साधारण पाच-पाच मिनिटांचे दोन रोल-प्ले असतात. तुझ्या पहिल्याच रोल-प्लेमध्ये पेशंट म्हणतो, "आय फील कम्प्लीटली वॉर्न आउट," आणि तू "ओके, यू आर टायर्ड" म्हणून पुढच्या प्रश्नावर जातेस. उच्चार चांगले आहेत, पण तिथे थांबायला हवं होतंस.

शहाद्याच्या दवाखान्यात कापूस वेचून आलेली बाई नुसतं "थकले" म्हणून गप्प बसते का? अंग मोडून आलंय, हातापायातलं त्राण गेलंय, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, असं ती बोलत राहते. तिच्या शब्दावरून आपला हात कुठे जायचा ते ठरतं. अंग मोडून आलं म्हणाली की थर्मामीटर. दम लागतो म्हणाली की श्वास मोजायचे, पायावर बोट दाबून सूज बघायची. धडगावला होते तेव्हा एखादी पावरा मुलगी कोपऱ्यात मलूल बसलेली दिसली की मी आधी तिची खालची पापणी ओढून बघायचे. पांढरी फटक असली तर हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. हाच कान तुला इंग्रजीला लावायचा आहे.

एक्झॉस्टेड हा शब्द घे. त्याचं लॅटिन मूळ पाणी उपसून काढण्याचं आहे. मे महिन्यातली आपली विहीर आठव. मोटर लावली की थोडा वेळ पाणी येतं, मग पाइप नुसती हवा ओढायला लागतो आणि काका धावत जाऊन बटण बंद करतात. माणसाचं तसं झालं की तो एक्झॉस्टेड. म्हणून त्याच्याआधी 'व्हेरी' शोभत नाही, 'ॲब्सोल्यूटली' किंवा 'कम्प्लीटली' लागतं. उपसलेली विहीर आणखी किती उपसणार? जळगाव-भुसावळच्या उन्हात जे होतं त्यालाही 'हीट एक्झॉश्चन' म्हणतात: भरपूर घाम, अशक्तपणा, चक्कर, पायात गोळे. पेशंट असंबद्ध बोलायला लागला आणि अंगाचा ताप ४० अंशांच्या वर गेला की तो 'हीट स्ट्रोक', तिथे एक मिनिटही दवडायचं नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी कधीही वापरू नकोस.

वॉर्न आउट म्हणजे झिजलेला. चपलेची टाच झिजते तशी ही झीज रोजच्या वापराची असते. असं म्हणणारी बाई बहुधा घरात कुणाचं तरी करते आहे, तिला "हू हेल्प्स यू ॲट होम?" विचार. रन डाउन म्हणजे चावी संपत आलेलं घड्याळ: बरेच दिवस बरं नाही, सर्दी गेली की पुन्हा येते. ड्रेन्ड बरेचदा मनाचं असतं. नॅकर्ड, म्हणजे पार दमलेला, तिकडे ब्रिटनमध्ये रोज ऐकशील. म्हातारे, निकामी घोडे कापायला विकत घेणाऱ्याला नॅकर म्हणत, त्यावरून तो आला. ऐकून समजून घे, पण डॉक्टरांपुढे स्वतः वापरू नकोस.

माझ्या हातून एकदा चूक झाली. तिकडच्या वॉर्डात नवीन होते. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा हळूच म्हणाले, "आय ॲम ऑल इन, सिस्टर." मला वाटलं, नीट पांघरूण घेऊन झालंय म्हणतात. पांघरूण सारखं केलं, चार्टवर 'कम्फर्टेबल' लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. ऑल इन म्हणजे पार गळून गेलोय. संध्याकाळी त्यांचा ऑक्सिजन उतरला. ते बरे होऊन घरी गेले, पण मधले चार तास मला अजून झोपू देत नाहीत. तेव्हापासून पेशंटचे शब्द मी अवतरणात, जसेच्या तसे लिहायला लागले. तूही तसंच लिही. आणि टायर्डच्या जागी मोठा शब्द म्हणून 'लेथार्जिक' लिहू नकोस. तो वाचून डॉक्टर पेशंटची शुद्ध तपासायला धावतील.

आता तुझ्याबद्दल. सलग रात्रपाळ्या झाल्यावर इन्चार्जला "आय ॲम टायर्ड ऑफ नाइट्स" म्हणालीस तर तिला ऐकू येईल की तुला कामाचा वीट आलाय. "आय ॲम टायर्ड आफ्टर फोर नाइट्स" म्हण. आणि खरोखरच वीट आला, पेशंट नकोसे वाटायला लागले, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटलं, तर त्याला बर्नआउट म्हणतात. १९७४ मध्ये फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने या अर्थाने तो शब्द मांडला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. तेव्हा तो तुझा कमकुवतपणा समजू नकोस. वेळेत बोल, आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

रविवारी सकाळी ये. मी पेशंट होईन, सोफ्यावर पडून राहीन आणि थकल्याचं दर वेळी वेगळ्या शब्दात सांगेन. दर वेळी पुढचा प्रश्न तू विचारायचा. येताना आईकडून कळण्याचं पीठ आण, भाकरी इथेच करू.

तुझी,
मावशी