रविवारची रेस की रविवारचा लाँग रन?

प्रश्न: ताई नमस्कार. मी होटगी रोडला राहतो, वय ४४, नऊ वर्षं झाली पळतोय, आतापर्यंत ६ फुल मॅरेथॉन (४२ किमी) झाल्यात. १०के (१० किमी) ४६ मिनिटात होतं, हाफ (२१ किमी) १ तास ४१ मध्ये, पण फुल काही ३ तास ४८ च्या खाली येईना. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला ३:३५ करायचंय, आठवड्याला ८०-८५ किमी चालू आहे. अडचण अशी की ऑक्टोबरपासून एक रविवार आड कुठंतरी रेस असतेच, सोलापुरात नाहीतर आसपासच्या गावात, ग्रुप निघतो, गाडी भरते आणि मला घरी बसवत नाही. गेल्या वर्षी ५ रेस मारल्या, सगळ्या जोरात, आणि मुंबईत ३२ किमी नंतर पाय संपले, पेडर रोडचा चढ चालत चढलो. घरचे म्हणतात रेस बंदच कर. खरंच बंद करू का?

उत्तर: बंद नका करू. पण आधी तुम्ही स्वतःच लिहिलेले आकडे नीट बघा, कारण उत्तर त्यातच आहे. हाफच्या वेळेवरून फुलचा अंदाज काढायची एक जुनी पद्धत आहे, पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये मांडलेली, ढोबळमानाने हाफची वेळ गुणिले २.०८. तुमच्या १:४१ ला लावली तर ३:३० च्या आसपास येतं. आणि तुम्ही पळताय ३:४८. मुंबईचा दमटपणा धरा, चढ धरा, तरी १८ मिनिटं त्यात बसत नाहीत. दुसरीकडं ४६ च्या १०के वरून हाफ काढा, १:४१ च येतो, म्हणजे तिथपर्यंत सगळं जिथल्या तिथं आहे. तुमचा स्पीड कमी नाहीच ओ, कमी पडतंय ते ३० च्या पुढचं, आणि ते १०के मारून येत नाही.

आता गेल्या वर्षी काय झालं असणार ते मी सांगते, कारण माझंही हेच झालं होतं. रविवारी रेस, म्हणून शुक्रवार-शनिवार कमी पळायचं. रेस जोरात झाली म्हणून सोमवार-मंगळवार पाय जड, जिना उतरताना मांड्या ओढतात, कठड्याला हात लावून उतरायचं. बुधवारी जरा बरं वाटलं की राहिलेला टेम्पो (जरा वेगात, एकसारखं पळणं) आठवतो, तो अर्धवट होतो, आणि लाँग रन, म्हणजे रविवारचं लांबचं पळणं, राहिला तो राहिलाच. रेस ४६ मिनिटांची पण आठवडा पूर्ण गेला. पाच रेस म्हणजे पाच लाँग रन बुडाले. मी त्या वर्षी डायरी काढून बघितली तर ३० च्या वर फक्त दोन रन होते, आणि मला वाटत होतं मी भरपूर मेहनत केली.

म्हणून यंदा जोरात रेस दोनच. पहिली ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरच्या सुरुवातीला एखादी १०के, दुसरी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी हाफ. मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे मध्ये पाच-सहा आठवडे मिळतात, हाफमधून पाय मोकळे होऊन एक-दोन मोठे लाँग रन त्यात बसतात. साताऱ्याच्या हिल हाफला जात असाल तर जा, ती लवकर होऊन जाते, फक्त यवतेश्वरचा घाट उतरताना मांड्यांचा जो भुगा होतो तो भरायला चढापेक्षा जास्त दिवस लागतात, ते धरून चला.

१०के साठी टेपर (रेसआधी पळणं कमी करत नेणं) वगैरे काही नाही. गुरुवारनंतर हार्ड काही नको, एवढंच. रेसच्या आधी ५ किमी वॉर्मअप, रेस झाली की मेडल गळ्यात घालून फोटो काढा, पोहे खाऊ नका अजून, पाणी प्या आणि ८-९ किमी निवांत पळा, झाले २४. थकल्या पायावर वेळ मिनिटभर जास्त येणार. तेव्हा "फॉर्म गेला" म्हणून मंगळवारी ट्रॅकवर राग काढू नका, भरल्या आठवड्यात पळालात म्हणून तसं होतं. रेसनंतर दर ३ किमीला एक सोपा दिवस असं मी धरते, १०के ला तीन दिवस, हाफला पूर्ण आठवडा. वय ४४ आहे, एखादा दिवस जास्त लागला तर द्या.

बाकीच्या रेसचं काय? ग्रुपबरोबर जरूर जा. पण ती रेस लाँग रनच्या पोटात घाला. ३:३५ म्हणजे किलोमीटरला ५:०५ मिनिटं. कुठं हाफ असेल तर आधी ६ किमी हळू पळा, मग अख्खी हाफ ५:०५ ने, १:४७ च्या आसपास संपेल, मग ३ किमी हळू. झाले ३०, आणि वाटेत पाणी द्यायला माणसं उभी, जे विजापूर रोडला एकट्याने पळताना कधी मिळत नाही, कंबर तलावापाशी बाटली लपवून ठेवायची आणि परत येईपर्यंत ती गायब. एनर्जी जेल, मीठ, शूज सगळं याच रेसमध्ये तपासून घ्या. अवघड काय आहे, तर शेजारून तुमच्या ग्रुपमधला पोरगा पुढं जाणार, ज्याला तुम्ही एरवी मागं टाकता, आणि तुम्हाला ५:०५ वरच राहायचंय. ज्या रविवारी हे जमणार नाही असं वाटेल त्या रविवारी जाऊच नका, सरळ तुळजापूर रोडने हिप्परग्याकडं ३२ मारा. ३० च्या वरचे चार-पाच रन झाल्याशिवाय तिसऱ्या जोरदार रेसचा विचारसुद्धा नको.

सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजत जा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दोन दिवस लागोपाठ आले, झोप मोडायला लागली, तर त्या रविवारचं बिब (छातीवरचा नंबर) घरातच राहू द्या, पैसे गेले तर गेले.

आणि एक, जे बाहेरच्या गावच्या कोचला सुचणार नाही. तुमचा टेपर बरोबर गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत येतो. अक्षता सोहळ्याला तीन-चार तास गर्दीत उभं राहणं, नंदीध्वजांच्या मागं चालणं, रात्री शोभेचं दारूकाम बघून उशिरा घरी, हे सगळं पायावर लाँग रनसारखंच बसतं. जाऊ नका असं मी सोलापूरकराला कशी म्हणू. अक्षतेला जा, बाकी दिवस घरी लवकर झोपा. भोगीची बाजरीची भाकरी, मिक्स भाजी खुशाल खा, फक्त रेसच्या दोन दिवस आधीपासून भात वाढवा आणि शेंगा चटणी, तिखट जरा बाजूला ठेवा.

डिसेंबरच्या हाफची वेळ मला नक्की कळवा. ती १:४० च्या आत आली आणि तोवर ३० च्या वरचे तीन-चार रन झालेले असले, तर ५:०५ ने सुरुवात करा. नाहीतर पहिले १० किमी ५:१२ ने, मग बघू.