रात्री अडीचला फोनकडे जाणारा हात

एका ताईंनी विचारलं आहे, ‘नोकरी बरी चालली आहे, मुलं इथे परदेशात रुळली आहेत, घरात भांडणतंटा नाही. तरी मान सतत आखडलेली असते, बारीकसारीक गोष्टींवरून मुलांवर ओरडते. रात्री अडीचला जाग येते आणि हात आधी फोनकडे जातो. मला झालंय तरी काय?’

ताई, तुम्ही दोन घड्याळांवर जगताय. न्यूयॉर्कला राहत असाल, तर उन्हाळ्यात तुमच्या रात्री अडीचला भारतात दुपारचे बारा वाजलेले असतात. आई दवाखान्यात पोचली असेल का, बाबांचा रिपोर्ट आला असेल का, हा विचार मन झोपेतही सोडत नाही.

ताणाचा अभ्यास करणारे हान्स सेली हे स्वतः मायदेश सोडून माँट्रियलला स्थायिक झालेले. १९३६ साली त्यांनी मांडलं की कारणं वेगवेगळी असली तरी शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकसारखीच असते. मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. मागोमाग येणारं कॉर्टिसोल रक्तातली साखर वाढवतं. समोरचं संकट टळलं की हे ओसरतं. पण हजारो मैलांवरच्या काळजीपुढे ना पळता येतं, ना लढता येतं. धोका टळल्याची खूण शरीराला मिळतच नाही. मान त्यामुळे आखडते आणि मुलांवर आवाजही त्यामुळेच चढतो. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही, एवढं आधी मनाशी धरा.

माझ्या मते सुरुवात फोनपासून करावी. घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून घ्या, आठवड्यातले वार ठरले तरी चालेल. रात्री फोन शांत ठेवायला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. बहुतेक स्मार्टफोनमध्ये एकाच नंबरवरून लागोपाठ आलेला दुसरा कॉल वाजू द्यायची सोय असते, ती सुरू करा. आणि घरी सांगून ठेवा, ‘तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा.’ मग बाकीचे मेसेज सकाळपर्यंत थांबू शकतात.

दुसरं म्हणजे, ‘इकडे सगळं ठीक आहे’ हे वाक्य. आपण ते त्यांना सांगतो, ते आपल्याला सांगतात, आणि फोन ठेवल्यावर दोन्हीकडे शंका उरते. नेमकं विचारा. गोळ्या कुठल्या चालू आहेत, घराची जादा किल्ली कोणाकडे आहे, रात्री-अपरात्री धावून येईल असं शेजारी कोण आहे, डॉक्टरांचा नंबर काय. हे एका कागदावर उतरवा आणि भावाबहिणींशी बोलून कोण काय बघणार ते वाटून घ्या. पैसे पाठवणाऱ्याने सगळंच आपल्या डोक्यावर घ्यायचं, हा पायंडा मला अजिबात पटत नाही. जवळ राहणाऱ्याचे कष्टही त्यात मोजले जात नाहीत.

जाग आलीच तर श्वास चार मोजत आत घ्या आणि सहा-आठ मोजत सावकाश सोडा. लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. पाच मिनिटं पुरतात, मात्र त्या वेळी फोनचा पडदा उघडायचा नाही. दुपारची कॉफीही तपासून बघा. कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे चारच्या कपातलं निम्मं रात्री नऊलाही शरीरात असतं.

मुलांवर ओरडलात तर नंतर त्यांना जवळ घेऊन सांगा, ‘आजीची काळजी वाटत होती, तुझी चूक नव्हती.’ नाहीतर मुलं दोष स्वतःकडे घेतात.

दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांकडे जाच. बोलण्याची अडचण वाटली तर दुभाषी मागा, त्यात संकोच नको. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच क्षणी फोन करा: अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. हे नंबर नवऱ्यालाही देऊन ठेवा. त्यांनाही रात्री जाग येत असेल, विचारून बघा.