अब्राहम लिंकन यांचे जीवन आणि वारसा समजून घेण्यासाठी कोणती पुस्तके वाचावीत?

शाळेच्या भिंतीवरचे हेडमास्तरांना लिहिलेले पत्र आणि गुलामगिरी संपवणारा राष्ट्राध्यक्ष, एवढ्यावरच आपली लिंकन यांची ओळख थांबली आहे, असे आपण लिहिले आहे. आता नीट वाचायचे तर सुरुवात कुठून करावी आणि त्यांच्यावरच्या अक्षरशः हजारो पुस्तकांपैकी विश्वासार्ह कोणती मानावीत, असा आपला प्रश्न आहे. एकच पुस्तक सुचवायचे असेल तर मी डेव्हिड हर्बर्ट डोनाल्ड यांचे १९९५ साली प्रसिद्ध झालेले ‘लिंकन’ हे चरित्र सुचवीन. मात्र ते वाचताना लिंकन यांची स्वतःची पत्रे आणि भाषणे हाताशी असू द्यावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांच्याविषयी इतरांनी इतके लिहिले आहे की ते स्वतः किती नेमके आणि किती जपून लिहीत असत, हेच पुष्कळदा वाचायचे राहून जाते.

डोनाल्ड यांची पद्धत साधी पण कठोर आहे. एखादा निर्णय घेताना लिंकन यांना त्या दिवशी काय ठाऊक होते, कोणते पर्याय त्यांच्यासमोर होते आणि त्यांनी त्यातून काय निवडले, एवढेच ते सांगतात. पुढे काय घडले याच्या ज्ञानावरून ते मागचा निवाडा करत नाहीत. त्यामुळे अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या सुरुवातीचे, १८६१ आणि १८६२ मधील लिंकन आपल्याला चाचपडताना, सेनापती बदलताना, थांबून वाट पाहताना दिसतात. पुस्तकाच्या आरंभी डोनाल्ड यांनी लिंकन यांचेच एक वाक्य दिले आहे. घटनांवर आपण नियंत्रण ठेवले असा आपला दावा नाही, उलट घटनांनीच आपल्यावर नियंत्रण ठेवले हे आपण उघडपणे कबूल करतो, असा त्याचा आशय आहे. मुळात निष्क्रिय वाटावा असा हा नायक अनेक इतिहासकारांना पटला नाही, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. हे वाक्य ज्या पत्रातले आहे ते ४ एप्रिल १८६४ रोजी केंटकीतील संपादक अल्बर्ट हॉजेस यांना लिहिलेले आहे. गुलामगिरी जर चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, हे लिंकन यांचे प्रसिद्ध विधानही त्याच पत्राच्या सुरुवातीला आहे. त्यालाच जोडून ते म्हणतात की, आपली ही भावना राज्यकारभारात मनमानेल तशी अमलात आणण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षपदामुळे आपल्याला मिळतो, असे आपण कधीच मानले नाही. ठाम नैतिक मत, घटनेची मर्यादा आणि परिस्थितीचा रेटा या तिन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत. त्यातली कोणती पुढे करायची हे चरित्रकार ठरवतो. म्हणूनच मूळ पत्र शेजारी असले पाहिजे.

ती पत्रे मिळणे आज अवघड नाही. रॉय बॅसलर यांनी संपादित केलेले लिंकन यांचे समग्र लेखन १९५३ ते १९५५ या काळात आठ खंडांत आणि एका स्वतंत्र सूचीखंडासह प्रसिद्ध झाले, आणि मिशिगन विद्यापीठाने ते इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. सगळे वाचण्याची गरज नाही. उदाहरणादाखल १४ जुलै १८६३ चे पत्र पाहावे. गेटिसबर्गची लढाई जिंकूनही जनरल मीड यांनी माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या सेनापती ली यांच्या सैन्याला पोटोमॅक नदी ओलांडू दिली, हे कळल्यावर लिंकन यांनी मीड यांना अत्यंत व्यथित होऊन लिहिले की, तुमच्या हातची सुवर्णसंधी गेली आणि त्याचे मला अपरंपार दुःख आहे. पण ते पत्र त्यांनी पाठवले नाही. हे पत्र कधी पाठवले नाही आणि त्यावर सहीही केली नाही, अशी नोंद पाकिटावर करून त्यांनी ते ठेवून दिले. सेनापतीने नुकतीच एक मोठी लढाई जिंकली आहे, अशा वेळी आपला संताप त्याच्यापर्यंत पोहोचला तर काय होईल, याचा विचार त्या पाकिटात दिसतो. त्यांच्या संयमाची कल्पना मला या एका कागदावरून जितकी आली तितकी कोणत्याही गुणवर्णनपर प्रकरणावरून आली नाही.

हेडमास्तरांच्या पत्राबद्दल इथेच सांगते. वसंत बापट यांच्या सुंदर अनुवादामुळे ते महाराष्ट्रातल्या घराघरांत आणि शाळाशाळांत पोहोचले, पण लिंकन यांच्या समग्र लेखनात असे कोणतेही पत्र नाही आणि त्याचा अस्सल पुरावाही कोठे नाही. तो मजकूर मोलाचा वाटत असेल तर जरूर जपावा, मात्र लिंकन यांचा दस्तऐवज म्हणून तो वापरू नये.

जुन्या पुस्तकांकडे वळण्यापूर्वी ती कोणत्या कागदांच्या आधारे लिहिली गेली हे पाहणे आवश्यक आहे. लिंकन यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन यांनी हत्येनंतर लगेच केंटकी, इंडियाना आणि इलिनॉयमधल्या जुन्या ओळखीच्या माणसांना गाठून आणि पत्रे लिहून आठवणी जमवल्या, आणि जेसी वाइक यांच्या मदतीने १८८९ मध्ये चरित्र प्रसिद्ध केले. तरुणपणीचे लिंकन आपल्याला जे माहीत आहेत ते बरेचसे हर्नडन यांच्यामुळे. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या आठवणी कितपत खऱ्या मानायच्या, विशेषतः अ‍ॅन रटलेज या तरुणीवरच्या प्रेमाची कथा, यावर अजून वाद चालतो. दुसरीकडे जॉन निकोले आणि जॉन हे या दोन सचिवांनी १८९० मध्ये दहा खंडांचे चरित्र पूर्ण केले. त्यांना लिंकन यांचे खासगी कागद मिळाले, पण थोरला मुलगा रॉबर्ट याने हस्तलिखित तपासण्याच्या अटीवर. रॉबर्टने हे कागद पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले ते आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे कोणाला न दाखवण्याच्या बोलीवर. ते जुलै १९४७ मध्ये खुले झाले. कवी कार्ल सँडबर्ग यांचे सहा खंडांचे चरित्र, ज्याच्या युद्धकाळावरील भागाला १९४० चे पुलित्झर मिळाले, या कागदांच्या आधीचे आहे. सँडबर्ग यांची भाषा मोहवते, पण ऐकीव कथा आणि पुरावा यांतली रेषा ते पुसून टाकतात. ते काव्य म्हणून वाचावे.

आता दुसरे पुस्तक, आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक: एरिक फोनर यांचे ‘द फायरी ट्रायल’ (२०१०). हे पूर्ण चरित्र नाही. लिंकन यांचे गुलामगिरीविषयीचे विचार आणि कृती एवढाच धागा धरून ते इलिनॉयच्या राजकारणापासून अखेरच्या दिवसांपर्यंत जाते. बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त घोषित करणाऱ्या मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या काही महिने आधी, १४ ऑगस्ट १८६२ रोजी, लिंकन यांनी व्हाइट हाउसमध्ये कृष्णवर्णीय नागरिकांच्या एका शिष्टमंडळाला बोलावून, तुम्ही अमेरिका सोडून बाहेर वसाहत करणे दोन्ही वंशांच्या हिताचे आहे, असे सांगितले होते. हे वाचून त्रास होतो आणि व्हायलाच हवा. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यानेही सगळे गुलाम मुक्त झाले नाहीत. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही संघराज्यात राहिलेली गुलामधारक राज्ये त्यातून वगळलेली होती, टेनेसीही वगळले होते. परंतु त्याच जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचे दार उघडले, सुमारे १,८०,००० जण लढले, आणि त्यांच्या लढण्याने लिंकन यांचे मत पालटत गेले. ११ एप्रिल १८६५ च्या शेवटच्या भाषणात त्यांनी अतिशय बुद्धिमान कृष्णवर्णीयांना आणि सैनिकांना मताधिकार मिळावा, असे जाहीरपणे सुचवले. श्रोत्यांमध्ये जॉन विल्क्स बूथ होता, आणि तीन दिवसांनी त्याने लिंकन यांच्यावर गोळी झाडली. फोनर हा बदल ना लपवतात ना त्याची आरती ओवाळतात. माणूस सत्तेवर असताना शिकू शकतो, याचे इतके सविस्तर चित्र मी दुसऱ्या कोणत्या पुस्तकात पाहिलेले नाही.

डोरिस कर्न्स गुडविन यांचे ‘टीम ऑफ रायव्हल्स’ (२००५) आपल्याला सर्वत्र सुचवले जाईल. १८६० च्या उमेदवारीच्या शर्यतीतले प्रतिस्पर्धी सिवर्ड, चेस आणि बेट्स यांना लिंकन यांनी मंत्रिमंडळात कसे घेतले, याची ती रसाळ कथा आहे आणि वाचायला सगळ्यांत सोपी आहे. त्या मंत्रिमंडळाच्या एकोप्यावर मात्र पुस्तकाने जरा जास्त भार टाकला आहे, असे मला वाटते. चेस यांच्या कुरबुरी चालूच राहिल्या आणि जून १८६४ मध्ये लिंकन यांनी त्यांचा राजीनामा स्वीकारला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना सरन्यायाधीश नेमले, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

भाषणांसाठी गॅरी विल्स यांचे ‘लिंकन अ‍ॅट गेटिसबर्ग’ (१९९२) घ्यावे. आगगाडीत घाईघाईने काहीतरी खरडून केलेले भाषण ही दंतकथा ते खोडून काढतात आणि जेमतेम २७० शब्दांच्या त्या मजकुरामागे प्राचीन ग्रीक श्रद्धांजलीपर भाषणांची परंपरा कशी उभी आहे, हे वाक्यावाक्याने दाखवतात.

युद्धाची बाजू समजल्याशिवाय लिंकन समजत नाहीत, म्हणून जेम्स मॅकफर्सन यांचे ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’ (१९८८) वाचावे लागते. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, त्यामुळे मुंबईत कापसाचे भाव चढले, शेअरांचा सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले, हा आपल्याकडच्या इतिहासाचा भाग तेथूनच सुरू होतो. युद्धकाळात हेबियस कॉर्पस, म्हणजे अटक झालेल्याला न्यायालयापुढे दाद मागण्याचा हक्क, स्थगित करून केलेल्या अटकांबद्दल शंका असेल, आणि ती असायलाच हवी, तर मार्क नीली यांचे ‘द फेट ऑफ लिबर्टी’ (१९९१) आहे. अटकेच्या नोंदी चाळून नीली दाखवतात की पकडलेल्यांत राजकीय विरोधकांपेक्षा सीमेवरच्या राज्यांतले लोक, तस्कर आणि नाकेबंदी मोडणारे यांचे प्रमाण बरेच होते. कोणतेही नवे चरित्र हाती आले की मी डाकोटा प्रकरणाची पाने आधी उघडते. १८६२ मध्ये मिनेसोटात गोऱ्यांविरुद्ध उठाव केलेल्या डाकोटा या मूळ रहिवासी जमातीतल्या ३०३ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, लिंकन यांनी खटल्यांचे कागद तपासून बहुतेकांची फाशी थांबवली, आणि तरीही २६ डिसेंबरला एकाच वेळी ३८ जणांना फासावर चढवले गेले. या दोन्ही गोष्टी जो लेखक सारख्याच स्पष्टपणे लिहितो त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

वारशाबद्दल मेरिल पीटरसन यांचे ‘लिंकन इन अमेरिकन मेमरी’ (१९९४) सर्वांत उपयुक्त आहे. संघराज्याचा तारणहार, गुलामांचा मुक्तिदाता, जनसामान्यांतला माणूस, पहिला खरा अमेरिकन आणि स्वतःच्या बळावर वर आलेला माणूस या पाच प्रतिमा कशा घडल्या आणि कोणी वापरल्या, याचा तो इतिहास आहे. त्याच्या जोडीला फ्रेडरिक डग्लस यांचे १४ एप्रिल १८७६ चे भाषण अवश्य वाचावे. वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांच्याच स्मारकाच्या अनावरणाला, राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसलेले असताना, स्वतः गुलामगिरीत जन्मलेले डग्लस म्हणाले की लिंकन हे प्रामुख्याने गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते. गुलामगिरीविरोधकांच्या दृष्टीने पाहिले तर ते मंद आणि थंड वाटत, पण देशाच्या लोकमताच्या मापाने मोजले तर ते वेगवान आणि निश्चयी होते, असेही त्यांनी सांगितले. कृष्णवर्णीय पत्रकार आणि इतिहासलेखक लेरोन बेनेट यांनी २००० साली लिंकन यांच्यावर कडाडून टीका करणारे पुस्तक लिहिले. त्यातला पुरावा एकतर्फी निवडलेला आहे असे माझे मत आहे, तरी स्वातंत्र्य लिंकन यांनी दिले की गुलामांनी आणि चळवळीने ते त्यांना द्यायला भाग पाडले, हा त्यांचा प्रश्न टाळता येत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तेथे लिंकन यांचे नाव नाही, श्रेय लोकांना आहे. पीटरसन वाचताना ती अर्पणपत्रिका पुन्हा उघडून पाहावी.

क्रम विचाराल तर डोनाल्ड, फोनर, विल्स आणि मग आपल्या ओढीनुसार मॅकफर्सन किंवा पीटरसन. मायकेल बर्लिंगेम यांचे २००८ चे दोन खंडी चरित्र अफाट तपशिलांचे आहे. ते सलग वाचण्याऐवजी एखाद्या प्रसंगाची शहानिशा करायची असेल तेव्हा ग्रंथालयात बसून पाहावे.