बॉयलरच्या नळीतला पांढरा थर कुठे तपासायचा?

"यात काय काय आहे ते सांगा" एवढंच लिहून नमुना पाठवू नका. प्रयोगशाळा पहिल्यांदा विचारेल, चाचणी कोणती करायची? ते ठरतं तुमच्याच माहितीवरून: थर नेमका कुठे साठला, पाणी बोअरचं की नळाचं, त्यात कोणतं रसायन घालता, तापमान किती. हे अर्धं पान मन लावून लिहा, बराच खर्च तिथेच वाचतो.

तुमच्यासाठी एक्सआरएफ आणि एक्सआरडी, या क्ष-किरणांच्या दोन्ही चाचण्या करून घ्या. एक्सआरएफमधून मूलद्रव्यं कळतात, पण कार्बन आणि हायड्रोजन त्यात दिसत नाहीत. कॅल्शियम सापडलं तरी ते कार्बोनेटचं, सल्फेटचं की सिलिकेटचं, हे सांगतं एक्सआरडी. खरा प्रश्न तोच आहे, कारण कार्बोनेट सौम्य आम्लात फेसाळत विरघळतं, सिलिकेट मात्र सहजासहजी सुटत नाही. थर तेलकट किंवा प्लास्टिकसारखा असता तर मी एफटीआयआर, म्हणजे सेंद्रिय पदार्थ ओळखणारी अवरक्त किरणांची चाचणी, आधी करायला सांगितलं असतं.

मुंबईत आयआयटीच्या 'सैफ' या विश्लेषण-उपकरणांच्या केंद्रात बाहेरचे नमुनेही शुल्क घेऊन तपासतात. अहवाल एखाद्या वादात दाखवायचा असेल, तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची प्रयोगशाळाच निवडा. ही मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते, सरसकट नसते, त्यामुळे तुमची चाचणी त्यांच्या यादीत आहे ना, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आणि सगळा नमुना देऊन टाकू नका. अर्धा कोरड्या, झाकणाच्या बाटलीत तारीख घालून स्वतःकडे ठेवा.