‘तो ऐकूनच शिकतो, मॅडम’

‘मॅडम, आमचा मुलगा ऑडिटरी लर्नर आहे. वाचून त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. मग अभ्यास घ्यायचा तरी कसा?’

शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे अभ्यासाबद्दल सल्ला घ्यायला येणाऱ्या पालकांचा हा प्रश्न ठरलेला. कधी मुलगी ‘व्हिज्युअल’ म्हणजे पाहून शिकणारी असते, कधी मुलगा ‘कायनेस्थेटिक’ म्हणजे करून शिकणारा. शाळेतल्या कार्यशाळेत भरलेली प्रश्नावली किंवा बोटांच्या ठशांवरून काढलेला रंगीत रिपोर्ट पालक फोल्डरमध्ये जपून आणतात. त्यामागची काळजी खरी असते, म्हणून मी तो आधी नीट वाचते. रिपोर्ट ठशांचा असेल तर मात्र स्पष्ट सांगते, बोटांच्या रेषांवरून मूल कसं शिकतं ते कळत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

ओंकार (नाव बदललं आहे) मिरजेहून आला होता. दहावीचं वर्ष, आणि पहिल्या चाचणीत विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी १२. आई नोकरी करणारी. प्रश्नावलीत ‘ऑडिटरी’ निघाल्यापासून ती रोज रात्री जेवणं आटोपली की एकेक धडा मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करायची. तो हेडफोन लावून झोपताना ऐकायचा, सकाळी ऐकायचा, शाळेच्या वाटेवर पुन्हा ऐकायचा.

‘मी काही कमी केलं नाही हो,’ एवढं म्हणताना त्या माउलीचा आवाज कापत होता.

मी आधी त्याला एक पान मोठ्याने वाचायला लावलं, चार ओळी लिहून घेतल्या. अक्षरांची उलटापालट नाही, ओळ सुटत नाही, चष्म्याचा नंबरही नुकताच तपासलेला. ही पायरी पालकांनी गाळू नये. ‘तो ऐकून शिकणारा आहे’ या समजुतीखाली कधीकधी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, वर्षानुवर्षं दडून राहतो. अशा मुलाला रीतसर तपासणी हवी, वेगळी मदत हवी, आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षा मंडळ सवलतीही देतं. ओंकारचं तसं नव्हतं.

‘ऑडिटरी आहे हे तुम्हालाही पटलं?’ मी आईला विचारलं.

‘तबला वाजवतो ना. कान फार चांगला आहे त्याचा.’

मग मी ओंकारकडे वळले. ‘किती वर्षं शिकतोस?’

‘सहा. तबल्याच्या मध्यमा परीक्षेचं पहिलं वर्ष झालं.’

‘तबल्यातला एखादा कायदा, म्हणजे बोलांची ती ठरलेली रचना, कशी बसवलीस ते सांग ना मला.’

इतका वेळ खाली बघत बसलेला मुलगा ताठ झाला. टेबलाच्या कडेवर बोटं पडायला लागली. ‘धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना. दिल्ली घराण्याचा कायदा आहे. सर एकदा म्हणून दाखवतात. मग मी हातावर ताल धरून म्हणतो. मात्रा पाडून वहीत लिहितो. मग वाजवतो.’

‘चुकतं कुठे?’

‘दुसऱ्या ओळीत. ताति टता तिट ताता तिट असं आलं की पुढे पुन्हा “धागे”वर जायचं असतं. माझा हात “ता”वरच राहायचा. सर वही मिटायला लावायचे आणि तेवढाच तुकडा परत परत घ्यायचे.’

‘आणि सरांचं रेकॉर्डिंग महिनाभर नुसतं ऐकलं असतंस तर?’

तो हसला. ‘नुसतं ऐकून कुठं वाजतंय, मॅडम?’

आणि थांबला. बोटं टेबलावर तशीच राहिली. आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याचा हात गळ्यातल्या हेडफोनकडे गेला. मी एक शब्दही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि आता ते जमतं याचं मला समाधान आहे. उत्तर त्याच्याच तोंडून आलं होतं, त्यावर माझं भाषण कशाला?

घरी जाताना मी त्या क्षणाचाच विचार करत होते. ज्या तबल्यामुळे त्याला ‘कानाने शिकणारा’ ठरवलं, तो तबलासुद्धा हा मुलगा एकट्या कानाने शिकला नव्हता. कानाने ऐकलं, तोंडाने म्हटलं, हाताने ताल दिला, डोळ्यांनी वही पाहिली. आणि खरं शिक्षण झालं ते वही मिटल्यावर, स्वतःच्या आठवणीतून बोल काढताना, चुकलेला तुकडा पुन्हा घेताना. अभ्यासात नेमकं हेच होत नव्हतं.

आवडीनिवडी असतात, ते मी नाकारत नाही. न्यूझीलंडचे शिक्षक नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास पाहणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करणं अशी वर्गवारी मांडली आणि ती जगभर पसरली. सुरुवातीच्या काळात मीही शाळांमधून अशा प्रश्नावल्या मनापासून भरून घेतल्या आहेत. पण २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. ते वाचल्यावर मी प्रश्नावल्या बंद केल्या. कोणत्या वाटेने जायचं ते बहुतेक वेळा विषयच सांगतो. कविता कानावर पडायला हवी, नकाशा डोळ्यांनी पाहायला हवा आणि भिंगाची किरणाकृती हाताने काढायलाच हवी. ओंकारने ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा किमान पंधरा वेळा ऐकला होता. आकृती एकदाही काढली नव्हती!

पालक विचारतात, ऐकताना तर त्याला सगळं येत असतं, मग पेपरात काय होतं? ऐकताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि आपण त्यालाच ‘येतंय’ समजतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग मी याच ठिकाणी सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि लिहून पाहिलेल्यांना ५६ टक्के.

ओंकारचे हेडफोन मी काढून घेतले नाहीत. एकदा ऐक, मग कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, आकृती काढ, मग पुस्तक उघडून चुकलेलं लाल पेनाने भर, एवढंच ठरवलं. उद्या पुन्हा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. आईचं रेकॉर्डिंग थांबलं. तिने पुस्तक हातात घेऊन फक्त प्रश्न विचारायचे. पहिले दोन आठवडे वाईट गेले. ‘आधी सगळं येत होतं, आता काहीच येत नाही,’ म्हणून तो चिडला, रडलाही. हे होतंच, आणि इथेच बहुतेक घरांत माघार घेतली जाते. मी आईला एवढंच म्हटलं, ‘ताई, “धागे”वर हात अडकायचा तेव्हा सरांनी तबला बंद केला होता का?’

डिसेंबरात तो शेवटचा आला. सराव परीक्षेत ४० पैकी २६ होते, पण मी गुण विचारायच्या आत त्यानेच माझ्या पॅडवरचा कागद ओढला. बहिर्वक्र भिंग काढलं, दुप्पट नाभीय अंतरावर वस्तू ठेवली. एक किरण अक्षाला समांतर नेऊन नाभीतून काढला, दुसरा प्रकाशीय मध्यातून सरळ. ‘प्रतिमा इथे. वास्तव, उलटी, वस्तूएवढीच.’

मी ‘छान’ म्हणणार होते, पण तो अजून कागदाकडेच बघत होता.

‘थांबा मॅडम, किरणांना बाण राहिले,’ म्हणत त्याने पेन्सिल पुन्हा उचलली.