खिसा लहान असेल तर युरोपातली कोणती राजधानी बघावी?

प्रश्न असा आहे: "आम्ही दोघं नवरा-बायको, शाकाहारी. युरोपातली एखादी भव्य राजधानी चार-पाच दिवस नीट बघायची आहे. पॅरिस-लंडनचे आकडे बघूनच छाती दडपली. कुठे जावं आणि कसं निभवावं?"

व्हिएन्नाला जा. मी आणि माझी ताई सप्टेंबरच्या शेवटी पाच रात्री राहून आलो. राहण्याचा खर्च सोडला तर दोघींचं मिळून दिवसाला साठ युरोच्या आत भागलं, आणि पोटाला चिमटा काढला असं एकदाही वाटलं नाही. एकदा वाटलं, पण ती चूक आमचीच होती, ती पुढे सांगते.

हे शहर पाच कोटी लोकांच्या साम्राज्यासाठी बांधलं गेलं आणि 1918 मध्ये सम्राटाची सत्ता गेल्यावर एका छोट्या देशाची राजधानी होऊन बसलं. आज अख्ख्या ऑस्ट्रियाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास आहे. वाडा पेशव्यांचा आणि बिऱ्हाड चौघांचं, असा प्रकार. त्यामुळे भव्यपणा इथे उतू जातो आणि त्यातला बराचसा उघड्यावर, फुकट पडलेला आहे. उरलेल्याला बहुतेक ठिकाणी एक स्वस्तातलं मागचं दार असतं. ते दार कुठे आहे एवढंच माहीत हवं.

सगळ्यात मोठं मागचं दार ऑपेराचं. 1869 मध्ये उघडलेलं हे नाट्यगृह जगातल्या नावाजलेल्या ऑपेरागृहांपैकी एक. चांगल्या खुर्चीचं तिकीट दोनशे युरोच्या वर जातं. बाहेर चौकात लाल झगा आणि पांढरा टोप घातलेले, मोझार्टसारखे नटलेले विक्रेते "कॉन्सर्ट? कॉन्सर्ट?" करत मागे लागतात. ताईने पर्स उघडली होती. मी कागद हातात घेऊन वाचला तर सभागृह भलतंच, दोन गल्ल्या पलीकडचं, आणि दर साठ युरो. ते कार्यक्रम वाईट असतीलच असं नाही, पण ते ऑपेराचं तिकीट नव्हे.

तुम्ही "श्टेप्लाट्स" घ्या, म्हणजे उभ्याने बघायची जागा. अशा चारशेच्या वर जागा आहेत आणि दर साधारण पंधरा युरोच्या आसपास. हल्ली ऑनलाइनही मिळतात. नाहीतर खेळाच्या दिवशी बाजूच्या दारातली, फक्त उभ्या जागांसाठीची खिडकी दीडेक तास आधी उघडते, तिथे रांग लावायची. तिकीट घेताना "पार्टेर" मागा. ही जागा तळमजल्यावर, खुर्च्यांच्या लगेच मागे, मधल्या मोठ्या बॉक्सच्या बरोबर खाली असते. रंगमंच सरळ समोर. वरच्या बाजूच्या बॉक्समध्ये याच्या कितीतरी पट पैसे मोजून बसलेली माणसं माना वाकड्या करून बघत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आत गेलात की पितळी दांड्यांच्या रांगा दिसतील. आपली जागा पकडून दांडीला मफलर बांधायचा आणि खुशाल बाहेर हिंडायला जायचं. परत येईपर्यंत जागा तुमची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली जमात, आम्हाला हे शिकवावं लागलं नाही. ताईने आपली बांधणीची ओढणी काढून बांधली. शेजारी एक आजी होत्या, काळा कोट आणि पायात धावायचे बूट. त्यांनी ओढणीकडे पाहिलं, मग स्वतःचा राखाडी मफलर चार बोटं सरकवला आणि आमच्या गाठीला जागा करून दिली. बूट का घातलेत ते दुसऱ्या अंकात कळलं. तीन तास उभं राहायचं असतं. सवाईला भारतीय बैठकीत मांडी मोडून बसलेल्या माणसाला याची भीती वाटायचं कारण नाही, पण चपला-सँडल नकोत. दांडीवर प्रत्येकाच्या समोर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीत अर्थ येत राहतो. मोठा कोट आधी कोटघरात ठेवावा लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. त्या दिवसांत नगरभवनासमोरच्या मैदानात मोठा पडदा लावून ऑपेरा आणि मैफलींची चित्रणं दाखवतात, फुकट. वसंतात आणि सप्टेंबरमध्ये ऑपेराच्याच बाजूच्या चौकात पडद्यावर आतला खेळ थेट दिसतो. खुर्च्या मांडलेल्या असतात, त्याही फुकट.

आता खाणं. आमची चूक अशी की आम्ही शनिवारी संध्याकाळी साडेसहाला उतरलो. किराणा आणि सुपरमार्केट शनिवारी सहाला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. सगळं शहर. रात्री मेथीचे खाखरे आणि नळाचं पाणी. रविवारी सकाळी खोलीच्या मालकिणीने सांगितलं की मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं चालू असतात. गेलो, तर तिथे धनत्रयोदशीला सराफाकडे असते तशी गर्दी. तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत तरी पोहोचा, किंवा सरळ सोमवारी.

नळाच्या पाण्यावरून आठवलं. बाटली विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली वाहिनी 1873 मध्ये सुरू झाली, दुसरी 1910 मध्ये, आणि पाणी डोंगरातून आपल्या उतारानेच शहरात पोहोचतं. रस्त्यांवर शेकड्यांनी पिण्याचे नळ आहेत, फक्त थंडीत बंद ठेवतात. चव माठातल्या पाण्याची.

भाजी, पाव, चीज, ऑलिव्ह, फळं यासाठी प्रवासी मंडळी नाशमार्क्टला जातात. तुम्ही तिथे फक्त चक्कर मारा आणि खरेदी ब्रुनेनमार्क्टला करा. सोळाव्या विभागातला हा रस्त्यावरचा बाजार, विक्रेते बरेचसे तुर्की आणि बाल्कनकडचे. शनिवारी दुपारी उठायच्या वेळेला टोमॅटोचं आख्खं खोकं दोन-तीन युरोंत देतात, मंडईत संध्याकाळी देतात तसंच. खोलीला स्वयंपाकघर असेल तर निम्मी लढाई जिंकलात. हॉटेलात सूप मागवताना "ओने श्पेक" म्हणा, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत. बटाट्याच्या साध्या सुपातही ते असू शकतात. फलाफल जागोजागी मिळतं. अंडं चालत असेल तर काइझरश्मार्न खा, जाड धिरडं मोडून त्यावर पिठीसाखर आणि आलुबुखारचा मुरंबा. एका ताटलीत दोघांचं जेवण होतं. आणि पिशवीत माननरच्या हेझलनट वेफरचं गुलाबी पाकीट असू द्या. त्यावर श्टेफान्सडोम या मुख्य चर्चचं चित्र आहे, आणि चित्र वापरतो म्हणून ही कंपनी चर्चच्या डागडुजीवरच्या एका पाथरवटाचा पगार देते. मला हा व्यवहार फार आवडला.

कॉफी मात्र एकदा तरी खऱ्या कॉफीहाउसात प्या, तिथे काटकसर नको. मेलांज नावाची दुधाळ कॉफी पाच-सहा युरोंना पडते. आकडा ऐकून ताईने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. पण त्या पैशात तुम्ही कॉफी नाही, खुर्ची भाड्याने घेता. चांदीसारख्या चकचकीत तबकात कप, शेजारी पाण्याचा पेला, पेल्यावर पालथा ठेवलेला चमचा. लाकडी दांड्यांना लावलेली वर्तमानपत्रं. बाहेर पाऊस लागला होता, आम्ही अडीच तास बसलो, वेटरने न मागता पाणी दोनदा बदललं. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, आणणं उद्धटपणाचं समजतात. जिथे बाहेर रांग असते तिथे जाऊ नका, तिथे हा निवांतपणा मिळणार नाही. 1880 पासून चालू असलेलं कॅफे श्पेर्ल बघा.

फुकटातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण सांगितलं तर हसाल: स्मशानभूमी. त्सेंट्रालफ्रीडहोफ, 1874 ची. 71 नंबरची ट्राम तिथे जाते, म्हणून एखादा गेला की व्हिएन्नात म्हणतात, "त्याने 71 पकडली." आपल्याकडे "वैकुंठाला गेला" म्हणतात, तसंच. शहरात आज वीस लाख माणसं राहतात आणि इथे सुमारे तीस लाख पुरलेली आहेत. दुसऱ्या फाटकातून आत गेलात की 32 अ या भागात बेथोवन, शुबर्ट, ब्राम्स आणि योहान श्ट्राउस हाकेच्या अंतरावर. गंमत अशी की सुरुवातीला इतक्या लांब कुणी यायला तयार नव्हतं, म्हणून शहराने नामवंतांच्या कबरी इथे हलवल्या. बेथोवन आणि शुबर्ट 1888 मध्ये असेच "बदलून" आले. भोवती चेस्टनटची झाडं, शांतता, आणि एक माळी बेथोवनसमोरची पानं झाडत होता, वाड्यातलं अंगण झाडावं तसा.

दुसरं फुकटातलं म्हणजे द्राक्षमळे. होय, शहराच्या हद्दीत सहाशे हेक्टरच्या आसपास द्राक्षं आहेत. आम्ही नाशिकच्या, त्यामुळे आम्हाला बागा बघायला पायपीट करायची गरज नव्हती, तरी गेलो. डी ट्रामने शेवटपर्यंत नुसडोर्फला जायचं, तिथून पाट्या लावलेली पायवाट मळ्यांतून काहलेनबेर्गच्या टेकडीवर चढते. उंची 484 मीटर, वरून डॅन्यूब आणि अख्खं शहर. 1683 मध्ये तुर्कांचा वेढा फोडणारं सैन्य याच टेकडीवरून खाली उतरलं. ताईने द्राक्षाच्या वेलीची बांधणी तपासली, वाय आकाराचा मांडव नाही म्हणून नापसंती दाखवली आणि पुढे चालू लागली. उतरायला 38 अ बस आहे, शहर वाहतुकीच्या पासात बसते.

पैसे कुठे घालावेत? एकच जागा निवडायची तर कला इतिहास संग्रहालय. वीस-एक युरो जातील, पण थोरल्या ब्रूगेलची चित्रं एका जागी इतकी जगात दुसरीकडे नाहीत. 1565 चं "बर्फातले शिकारी" समोर आल्यावर आम्ही बाकावर बसलो ते उठलोच नाही. शोनब्रुन राजवाड्याच्या 1441 खोल्यांपैकी मोजक्याच दाखवतात आणि तिकीट चांगलंच लागतं. आम्ही आत गेलो नाही आणि त्याचं वाईट वाटत नाही. बाग फुकट आहे, सकाळी लवकर जा, टेकडीवरच्या कमानीपर्यंत चढा. बेल्व्हेदेरे राजवाड्याची बागही फुकट. कार्ल्सप्लात्सच्या शहर संग्रहालयातलं कायमचं प्रदर्शन 2023 च्या अखेरीपासून विनामूल्य आहे.

बाकी थोडक्यात. खोली मध्यभागात नको, मेट्रो जवळ असेल तर दहाव्या किंवा सोळाव्या विभागात घ्या. विमानतळावर हिरव्या रंगाची खास गाडी डोळ्यांत भरते, ती सोडा. एस-7 ही लोकल साधारण एक तृतीयांश पैशात नेते, दहाएक मिनिटं जास्त लागतात इतकंच. मेट्रोला फाटकं नाहीत म्हणून हुरळून जाऊ नका, कागदी पासवर निळ्या यंत्रात शिक्का मारा. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि दंड शंभर युरोच्या वर.

आणि घरून तूप, पेढे, पनीर काही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. मेतकूट चालतं. व्हिएन्नाच्या ताज्या पावावर लोणी आणि मेतकूट, आम्ही पाचही सकाळी तेच खाल्लं.